पाच वॉटांचे संस्थान

आमच्या घरात अलीकडे मला ‘संस्थानिक’ म्हणतात. म्हणणारी व्यक्ती एकच आहे, आणि ती कोण हे विवाहित वाचकांना सांगायला नको. पूर्वी आपल्याकडे अशी लहान लहान संस्थाने होती की राजेसाहेब आपल्या राज्यात शिंकले तर ‘शतायुषी व्हा’ शेजारच्या राज्यातून ऐकू यायचे. माझे संस्थान त्याच मापाचे आहे. पाच वॉटांचे! फरक एवढाच की त्या संस्थानिकांना तनखा मिळत असे, आणि माझ्या संस्थानावर माझेच पेन्शन खर्ची पडते.

पाच वॉट म्हणजे किती, हा हिशेब सौ.नेच मला काढून दाखवला. ती पस्तीस वर्षे शाळेत गणित शिकवत होती, त्यामुळे अपमानसुद्धा पायऱ्यापायऱ्यांनी सोडवते.

“देवघरात आपण पूर्वी झिरोचा बल्ब लावायचो. आठवतो?”

“आठवतो.”

“तो नावाला झिरो, पण वीज खायचा पंधरा वॉट. म्हणजे झिरो बरोबर पंधरा. तुमचं यंत्र पाच. म्हणजे तुम्ही झिरोच्या एक तृतीयांश.”

यावर मी काय बोलणार? शून्याचा एक तृतीयांश भाग घेऊन, त्याला साजेसा स्पीकर शोधत मी आठ महिने बार्शी, सोलापूर आणि पुणे अशी त्रिस्थळी यात्रा केली. त्या यात्रेचा हा इतिहास आहे. इतिहास म्हटला की सनावळी आली, तीही जागोजाग पेरली आहे. कंटाळा आला तर वाचकांनी सने गाळून वाचावीत. शाळेत आपण तेच करत होतो.

आमच्या घरात इतिहासाचा आरंभ १९५५ साली होतो. त्या वर्षी १ एप्रिलला, रामनवमीच्या दिवशी, आकाशवाणीच्या पुणे केंद्रावर गीतरामायण सुरू झाले. गदिमांचे शब्द, बाबूजींच्या चाली, आठवड्याला एक याप्रमाणे एकूण ५६ गाणी. आमचे वडील, म्हणजे नाना, बार्शीच्या अडत बाजारात एका पेढीवर दिवाणजी होते. पेढीच्या शेठजींनी घरी नवा रेडिओ घेतला आणि जुना नानांना दिला. मी तेव्हा दोन वर्षांचा होतो, त्यामुळे पुढचे ऐकीव आहे. पण आईने त्या रेडिओला हळदकुंकू वाहून हार घातला होता आणि हारातले एक फूल जाळीतून आत पडून करपल्याचा वास पुढे चार दिवस येत होता, हे आमच्याकडे इतक्या वेळा सांगितले गेले आहे की तो वास मला स्वतःला आठवतो.

रेडिओ पाच व्हॉल्व्हचा. शिसवी रंगाची लाकडी पेटी, पुढे सोनेरी धाग्याचे कापड आणि उजव्या कोपऱ्यात एक हिरवा डोळा. स्टेशन बरोबर लागले की तो डोळा मांजरासारखा मिटायचा. पण या रेडिओचा खरा थाट निराळाच होता. बटण फिरवले की तो लगेच बोलत नसे. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागायचा. जुन्या घरंदाज माणसाला काही विचारले की तो आधी उपरणे सारखे करतो, घसा साफ करतो आणि मग बोलतो, तसे.

नानांनी त्या अर्ध्या मिनिटाची सोय लावून ठेवली होती. ते बटण फिरवत, पाटावर बसत, पानाचा डबा ओढत आणि अडकित्त्याने सुपारी कातरू लागत. शेवटचे खांड तबकात पडायला आणि रेडिओतून घरघर उमटायला एकच गाठ पडे. सुपारी आणि स्टेशन एकदमच लागायचे! त्या अर्ध्या मिनिटात घरात कुणी बोलत नसे. मग सातच्या बातम्यांना ओसरीत गल्लीतली वीस-पंचवीस माणसे बसलेली असत आणि शेवटच्या पायरीवर बसलेल्या शिंपीकाकांनाही सगळे नीट ऐकू जाई. “जरा मोठा करा हो,” असे कुणी म्हटल्याचे मला आठवत नाही. त्या रेडिओची ताकद असेल तीन-चार वॉट. हे मला आता कळते. तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हते, म्हणून पुरत होती.

आता गुन्ह्याकडे येतो. १९७९ साली मी नुकताच बँकेत चिकटलो होतो. पहिल्या बोनसमधून मी घरी टू-इन-वन आणला. चकचकीत, रेडिओ आणि टेप एकत्र, बटण दाबले की तत्क्षणी बोलणारा. आणि दिवाळीच्या साफसफाईत नानांचा रेडिओ मी भंगारवाल्याला देऊन टाकला. त्याने तो तराजूत घातला. पत्र्याचे, तांब्याचे पैसे दिले. लाकूड फुकट नेले. नाना ओसरीतच बसले होते. काही बोलले नाहीत. संध्याकाळी मी ऐटीत टू-इन-वनचे बटण दाबले. बातम्या धाडकन सुरू झाल्या. नानांच्या हातात अडकित्ता, अडकित्त्यात अख्खी सुपारी.

“लागल्या पण?” ते म्हणाले. “माझी सुपारी व्हायची आहे अजून.”

बस्स, एवढेच. पुढे १९८६ साली ते गेले, तोपर्यंत या विषयावर त्यांनी एक अक्षर काढले नाही. माणसाने चार शिव्या द्याव्यात, म्हणजे हिशेब मिटतो. दिवाणजीच्या पोराला न मिटलेला हिशेब फार टोचतो.

तो टोचरेपणा निवृत्तीनंतर वाढला. एकदा चिरंजीवांकडे पुण्याला गेलो असता जुन्या बाजारात हिंडत होतो. तिथे तस्साच रेडिओ दिसला! मी धावलो. आत हात घातला तर आत काही नाही. नुसती पेटी. दुकानदार म्हणाला, “काका, हल्ली लोक यात बाटल्या ठेवतात. शोपीस.” नानांच्या रेडिओच्या पोटात बाटल्या! मी तिथेच ठरवले, की व्हॉल्व्हचा आवाज पुन्हा घरात आणायचा, आणि तोही आपल्या हातांनी जुळवून.

चिरंजीव संगणकातले. ते म्हणाले, “बाबा, मुठीत मावणारा स्पीकर वीस वॉटांचा मिळतो. तुम्ही पाच वॉटांसाठी चार किलो लोखंड घरात का आणताय?” नव्या पिढीला सगळे समजते, फक्त आपण काय म्हणतोय तेवढे समजत नाही.

आता थोडे शास्त्र. १९०४ साली फ्लेमिंग नावाच्या इंग्रज प्राध्यापकाने काचेच्या फुग्यात दोन भाग बसवून पहिला व्हॉल्व्ह केला. एक भाग तापला की त्यातून इलेक्ट्रॉन निघायचे आणि दुसऱ्यावर जाऊन पडायचे. १९०६ साली अमेरिकेतल्या ली डी फॉरेस्टने या दोहोंच्या मध्ये एक जाळी घातली. तिला म्हणतात ग्रिड. आपण घातलेली ही जाळी नेमके काय करते हे डी फॉरेस्टलाच धड उमगले नव्हते. पुढे आर्मस्ट्राँग नावाच्या दुसऱ्याच माणसाने ते नीट समजावले. यंत्र एकाने करावे आणि कळावे दुसऱ्याला, हा अनुभव मला पुढे बराच आला.

ग्रिड काय करते हे मी पुस्तकात चारदा वाचले. डोक्यात काही शिरले नाही. मग एकदम नाना आठवले. पेढीवर एका बाजूला धान्याची थप्पी, दुसऱ्या बाजूला गाड्या, आणि मध्ये गादीवर बसलेले नाना. नानांनी नुसती मान हलवली की पन्नास पोती ज्वारी इकडून तिकडे. मान हलली नाही तर हमाल जागच्या जागी उभे. पोती उचलणारे हात हमालांचे, माल शेठजींचा. नानांची फक्त मान. म्हणजे केवढीशी हालचाल, आणि तिच्या तालावर केवढा तरी ओघ! हेच वर्धन, हाच ॲम्प्लिफायर. आणि पुस्तकात पुढे लिहिले होते की ग्रिड स्वतः जवळजवळ काहीच वीज घेत नाही. ते वाचून मी पुस्तक मिटले. लाखोंची उलाढाल नानांच्या मानेवरून गेली. घरी आला तो एक जुना रेडिओ. तोही मी तराजूत घातला.

असो. मुद्दा व्हॉल्व्हचा.

या काचेच्या फुग्यांवर जगाने अर्धे शतक काढले. १४ मार्च १९३१ला ‘आलम आरा’ बोलला, १९३२ साली प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ मराठीत बोलला. बोलपटाच्या त्या पहिल्या दिवसांत मोठमोठी थिएटरे ज्या ॲम्प्लिफायरांवर चालत, त्यांची ताकद हल्लीच्या साध्या मोटारगाडीतल्या संगीताएवढीही नसे. वॉट कमी, म्हणून पडद्यामागे माणूस आत उभा राहील एवढे कर्णे. वॉट महाग होता तोवर स्पीकर काटकसरी होते, हे सूत्र वाचकांनी लक्षात ठेवावे. पुढे लागणार आहे. मला ते लक्षात यायला चार महिने आणि एक लग्नमंडप लागला.

मग डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकेत बेलच्या प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्मला आणि वीसेक वर्षांत वॉट स्वस्त झाले. गंमत बघा, आपल्या बंगलोरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्सने रेडिओचे व्हॉल्व्ह करायला सुरुवात केली १९६१ साली, आणि लगेच पुढच्याच वर्षी ट्रान्झिस्टरच्या जातीचे जर्मेनियमचे भागही. म्हणजे घरात सून आणि सवत एका वर्षाच्या अंतराने आली. पुढे वॉट इतके स्वस्त झाले की नव्वदीच्या दशकात आपल्याकडे टेपरेकॉर्डरच्या खोक्यावर ‘१००० वॉट पीएमपीओ’ असे छापून यायचे. हा वॉट विजेचा नव्हे, जाहिरातीचा. यंत्र फुटण्याच्या एका क्षणी जेवढी ताकद निघू शकेल असे विकणाऱ्याला वाटते, ती ताकद. या मापाने माझीही ताकद मोठी निघेल, फक्त तो क्षण शेवटचा असेल.

पुण्याच्या तपकीर गल्लीत गेलो तेव्हा या इतिहासाचा परिणाम दिसला.

“ॲम्प्लिफायरचा जोडसंच हवाय,” मी म्हणालो.

“किती हजार वॉट, काका?”

“पाच.”

“पाच हजार?”

“नाही. पाच.”

दुकानातला पोऱ्या माझ्याकडे पाहत राहिला. मग त्याने मालकाला हाक मारली, “शेठ, यांना मोबाईलचा चार्जर द्या.”

पण शोधणाऱ्याला सगळे मिळते. सुटे भाग आणि नकाशा असलेला जोडसंच घ्यायचा तर कोणत्या व्हॉल्व्हचा, हा पहिला प्रश्न. त्याचे स्थळ बघण्यासारखेच आहे. ‘३०० बी’ हा १९३० च्या दशकातला बोलपटांच्या घराण्यातला खानदानी ट्रायोड. आठेक वॉट देतो. पण मूळ अमेरिकन कंपनीच्या जोडीच्या किमतीत आमच्याकडे दुभती म्हैस येते, आणि म्हैस निदान शेण तरी देते. ‘२ ए ३’ हा १९३३ चा, साडेतीन वॉटांचा. स्वभावाने गोड, पण अबोल. ‘६ व्ही ६’ हा रेडिओवाल्यांचा जुना ओळखीचा, साडेचार वॉट. आणि ‘ई एल ८४’, बोटाएवढा बुटका, १९५० च्या दशकात युरोपात निघालेला, एकटा पाचएक वॉट देणारा. आपल्याकडच्या असंख्य रेडिओंत हाच असायचा. विलायतेच्या मुलार्ड कंपनीने त्या काळात हौशी लोकांसाठी याचा एक नकाशा छापला होता. नाव ‘तीन-तीन’, कारण व्हॉल्व्ह तीन आणि वॉट तीन. इतके प्रामाणिक नाव मी पुढे कुठल्याही खोक्यावर वाचले नाही. हे व्हॉल्व्ह आजही रशियात, स्लोव्हाकियात, चीनमध्ये तयार होतात. गिटारवाल्यांना त्यांच्यावाचून करमत नाही, त्यांच्या पुण्याईवर आम्ही जगतो. मी ई एल ८४ ला होकार दिला.

डाग देण्याचे काम बार्शीतल्या घरी माळ्यावर सुरू झाले. एका वृद्ध रेडिओ-दुरुस्ती मास्तरांनी मला एकच मंत्र दिला होता : “आत तीनशे व्होल्ट आहेत. बंद केल्यावरही कपॅसिटरात दबा धरून बसतात. हात घालायचा तर एकच. दुसरा खिशात.” मंत्र उत्तम होता, पण माझ्या पायजम्याला खिसा नव्हता. दुसरा हात कुठे ठेवावा या विचारात तो लोखंडी चौकटीवर ठेवला गेला. पुढचे मला आठवत नाही, सौ. म्हणते की मी ‘नाना!’ म्हणून ओरडलो. सुदैवाने तोवर कपॅसिटर बराचसा रिकामा झाला होता. दुसऱ्या दिवशी तिने माझ्या सगळ्या पायजम्यांना खिसे शिवले. संसार यालाच म्हणत असावेत.

खरी मेख होती ती आउटपुट ट्रान्सफॉर्मरची. व्हॉल्व्हला समोर सुमारे ५,००० ओमचा भार लागतो. स्पीकर असतो ८ ओमचा. म्हणजे वर अमेरिकेत डॉक्टर आणि वधू सातवी नापास. थेट गाठ घालून दिली तर एक शब्द बोलणार नाहीत. मध्ये मध्यस्थ हवा. तो मध्यस्थ म्हणजे हा ट्रान्सफॉर्मर. ५,००० भागिले ८ म्हणजे ६२५, त्याचे वर्गमूळ २५. म्हणून एका बाजूला २५ वेढे तर दुसरीकडे एक, या प्रमाणात तार गुंडाळायची. हे गणित सौ.ने तोंडी केले आणि बरेच दिवसांनी माझ्याकडे आदराने पाहिले.

जोडसंचातला ट्रान्सफॉर्मर प्रवासात चेपून आला होता. मी तो गावातल्या मोटार-रिवाइंडिंगवाल्याकडे नेला. विहिरीवरच्या मोटारी भरण्यात त्याचा हात धरणारा तालुक्यात कुणी नाही.

“किती एचपी?” त्याने विचारले.

“पाच वॉट.”

“म्हंजे कशाची मोटर हाय?”

“गाण्याची.”

तो बराच वेळ विचार करत राहिला. मग म्हणाला, “करून देतो की. तुमच्या वडलांनी माझ्या बापाला पेढीवर उभं केलं होतं.” आणि खरोखर त्याने वेढ्याला वेढा मोजून दिला. पैसे मात्र घेईना. कसेबसे घ्यायला लावले.

जोडून पाहिले. आवाज आला, पण तबल्याला बायाच नाही! नुसती टिकटिक. सगळा खर्ज गेलेला. पंधरा दिवस मी व्हॉल्व्ह बदलतोय, तारा बदलतोय. शेवटी रेडिओ-मास्तरांनी ट्रान्सफॉर्मर कानाजवळ धरून हलवला आणि म्हणाले, “पत्र्या घट्ट बसवल्यात. इथंच चुकलं.” चूक माझीच, मी सांगितले नव्हते. साध्या ट्रान्सफॉर्मरात पोलादी पत्र्या एकीत एक गुंतवून बसवतात. पण एकाच व्हॉल्व्हच्या ॲम्प्लिफायरात तारेतून सतत एकाच दिशेने वीज वाहते, तिने ते पोलाद चुंबकत्वाने तुडुंब भरून जाते आणि गाण्याला जागाच उरत नाही. म्हणून सगळ्या पत्र्या एका बाजूने लावायच्या आणि मध्ये कागदाची पट्टी घालून बारीकशी फट ठेवायची. रिवाइंडिंगवाल्याने पत्र्या पुन्हा रचल्या आणि फटीत दिनदर्शिकेच्या पानाची पट्टी घातली. खर्ज आला. नाती घट्ट हवीत, पण मध्ये कागदाएवढी फट हवी, हे वाक्य मी सौ.ला ऐकवले. ती म्हणाली, “म्हणूनच मी तुम्हाला माळ्यावर राहू देते.”

आता स्पीकर. चिरंजीवांनी वाढदिवसाला दोन देखणे चिमुकले स्पीकर पाठवले होते. विलायती, चकचकीत. ते लावले. गाणारा माणूस वाकळ पांघरून गातोय असा आवाज. बटण शेवटपर्यंत पिळले तर वाकळीतच रडू लागला. मला वाटले, संपले. सौ.चा हिशेब बरोबर होता, झिरोचा एक तृतीयांश.

इथे ते मघाचे सूत्र कामी आले. स्पीकरला एक वॉट दिला आणि एक मीटरवरून मोजले, तर किती डेसिबल आवाज येतो, हा त्याचा खरा गुण. चिरंजीवांच्या स्पीकरांचा आकडा होता ८४. जुन्या थोर स्पीकरांचा ९६, कर्ण्यांचा शंभराच्या पुढे. ८४ आणि ९६, फरक बाराचाच दिसतो; पण दर तीन डेसिबलला वॉट दुप्पट लागतात. दोन, चार, आठ, सोळा! म्हणजे ९६ वाल्याचे काम जिथे पाच वॉटांत होते, तिथे ८४ वाल्याला ऐंशी हवेत. एक विद्यार्थी एकदा सांगून समजतो, दुसऱ्याला सोळा वेळा सांगावे लागते. मास्तर तोच.

असे मठ्ठ स्पीकर आले कुठून? तर तेही हुशारीतूनच. १९२५ साली राइस आणि केलॉग या अमेरिकन जोडीने आजचा कागदी कोनाचा स्पीकर सिद्ध केला. १९४६ साली क्लिप्श नावाच्या गृहस्थांनी खोलीच्या कोपऱ्यालाच कर्ण्याचा भाग करून टाकणारा कपाटाएवढा स्पीकर विकायला काढला. त्याला वॉट नावापुरते पुरत. पण कपाटाएवढे स्पीकर बायका घरात किती घेणार? १९५४ साली व्हिलचर यांनी छोट्या बंद खोक्यातून खोल खर्ज काढून दाखवला. किंमत एकच, वॉट भरपूर लागत. तोवर ट्रान्झिस्टर आलाच होता. खोकी लहान होत गेली, वॉट वाढत गेले, आणि सगळ्यांना वाटले की आवाज वॉटांतून येतो.

म्हणजे दोष पाच वॉटांचा नव्हता. स्थळ चुकले होते.

मी आमच्या मंडपवाल्याकडे गेलो. त्याच्या गोदामात एक कर्णा पडला होता. म्हटले, प्रयोग तर करू. घरी आणून खिडकीत ठेवला, जोडला, आणि बालगंधर्वांची जुनी तबकडी लावली. पाच वॉट हो! पण कर्णा शंभरावर डेसिबलचा. खर्ज नाही, किणकिण नाही, नुसता मधला आवाज. तोही भगवंताच्या देवळापर्यंत. पाचच मिनिटांत शेजारचे दोघे टोपी घालून आले. “कुणाची सभा आहे?” तिसऱ्याने हळूच विचारले, “कोण गेलं?” नगरपालिकेचा पाणी येण्याचा पुकारा समजून चार बायका हंडे घेऊन नळावर उभ्या राहिल्या, तो वाद अजून मिटलेला नाही.

कर्णा परत करायला गेलो तेव्हा गोदामाच्या कोपऱ्यात दोन लाकडी खोकी दिसली. बारा इंची कागदी कोनाचे जुने स्पीकर, मागची फळी नाही, अंगावर कुंकवाचे डाग आणि कुठल्याशा लग्नाचे चिकटलेले झेंडूचे फूल. गेल्या पिढीतल्या किती वरातींनी यांतून गाणी ऐकली असतील! मंडपवाला म्हणाला, “यांना आता कोण विचारतंय? डीजे लागतो. न्या की.” चिरंजीवांनी त्यावरचा नंबर शोधून कळवले : ९६ डेसिबल, ८ ओम. हे आठ म्हणजे कायमचे आठ नव्हेत. सूर बदलला की ते सहा होतात, तीस होतात. लग्नाच्या जाहिरातीतल्या पगाराप्रमाणे तो ढोबळ आकडा असतो. पण या खोक्यांची आणि माझ्या ई एल ८४ ची पत्रिका जमली.

त्या रात्री मला बार्शी लाइट आठवली. आमच्या गावाला जगाच्या इतिहासात जागा आहे ती या गाडीमुळे. कॅलथ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरने १८९७ साली अडीच फुटी रुळांवर ती सुरू केली. ‘लाइट’ म्हणून लोक हसायचे. चालत्या गाडीतून उतरून, विधी आटोपून, पुन्हा त्याच डब्यात चढता येते वगैरे विनोद माझ्या आजोबांच्या वेळेपासून जुने आहेत. (याच कॅलथ्रॉपने पुढे विमानातून उडी मारायची हवाई छत्री केली. बार्शी लाइटमधून उडी मारायला छत्री लागत नसे.) पण त्याची खरी करामत हसणाऱ्यांना कळली नाही. त्याने रूळ हलके घेतले, वाराला तीस पौंडांचे. आणि इंजिन असो की डबा, कुठल्याही आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येणार नाही अशी सगळी जुळणी केली. एका ठिकाणी जड आणि दुसऱ्या ठिकाणी हलके असे काही ठेवलेच नाही. म्हणून त्या हडकुळ्या रुळांवरून भरभक्कम माल गेला. १९५४ साली सरकारने ती विकत घेतली, आणि या शतकात तिथे ब्रॉडगेज आली. पण नानांच्या मानेने हललेली पोती त्या हलक्या रुळांवरूनच जगात गेली. ताकद कमी असणे हा दोष नव्हे. जुळणी नसणे हा दोष.

आता संस्थानाची सद्यःस्थिती. ॲम्प्लिफायर भिंतीतून सत्तरेक वॉट खातो आणि पाच वॉट गातो. उरलेली ऊब वाया जाते, असे मी म्हणत असे; हल्ली थंडीच्या दिवसांत सौ. त्याच्याशेजारी विरजणाचे भांडे ठेवते. दही घट्ट लागते.

आवाज नानांच्या रेडिओसारखा आहे का? खरे सांगायचे तर नाही. असणारही नाही. आणि असला तरी मला कळणार नाही, कारण कानाच्या डॉक्टरांनी माझी तपासणी करून वरचे सूर संपल्याचे लेखी दिले आहे. आठ महिन्यांच्या खटपटीतून निघालेला निम्मा आवाज शेजाऱ्यांसाठी आहे.

पण एक गोष्ट परत आली. बटण दाबले की तो लगेच बोलत नाही. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो. पहिल्या दिवशी मी बटण दाबले आणि काय करावे सुचेना. नानांचा अडकित्ता काढून ठेवला होता. सुपारी मात्र नाही. गावातच कॅन्सरचे एवढे मोठे इस्पितळ असताना सुपारी खाण्याची हिंमत या वयात कोण करील? मी रिकामा अडकित्ता हातात धरून पाटावर बसलो. काचेत नारिंगी ठिणगी दिसू लागली. घरात कुणी बोलले नाही.

सौ. स्वयंपाकघरातून बाहेर आली. मेथीची जुडी आणि ताट घेऊन समोर बसली, आणि निवडू लागली. खोक्यातून हलकी घरघर उमटली. गाणे सुरू झाले.

तिने जुडी वर करून दाखवली.

“लागलं पण?” ती म्हणाली. “माझी अर्धी जुडी व्हायची आहे अजून.”